चतकोर गोळी

गेली दीड-दोन वर्षं माझ्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, जिरं-मोहरीच्या डब्यांशेजारी, गोळी कापायची एक प्लॅस्टिकची डबी असते. झाकणाला आतून पातं लावलेलं आहे. गोळी खाचेत ठेवायची, झाकण दाबायचं, कट्ट असा आवाज होतो आणि दोन तुकडे पडतात. त्यातला एक उचलून पुन्हा खाचेत ठेवायचा, पुन्हा कट्ट. उरतो तो चतकोर. चतकोर भाकरी म्हणतात ना, तशी ही चतकोर गोळी. या चतकोरापर्यंत यायला मला दोन वर्षं लागली. ती का लागली, हे शोधता शोधता मी बराच इतिहास वाचून काढला. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, आता स्वतःच्या डब्यातल्या गोळीचा शिकले म्हणायचं. तोच आज सांगणार आहे. वैद्यकातलं मला कळतं असा माझा दावा नाही. कागदपत्रं कशी वाचायची एवढं मात्र येतं.

आधी माझी हकिकत थोडक्यात. 2012 साली आमचे हे गेले. रडू वगैरे फारसं आलं नाही. पण ओट्यापाशी उभी राहायची आणि पुढं काय करायचं तेच आठवायचं नाही. कुकर लावायचा होता की काढायचा होता? पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक हातात घेऊन एक पान पुरं होईना, तेव्हा मात्र मी घाबरले. पुतण्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी एस्सिटालोप्रॅम नावाची 10 मिलिग्रॅमची गोळी दिली. सहा आठवड्यांनी मी परत वाचायला लागले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणी 'गोळ्या वाईटच' असा निष्कर्ष काढू नये. त्या गोळीनं मला हात दिला होता.

चूक झाली ती पुढं, आणि तीही माझीच. सहा महिने-वर्षभर घ्या आणि मग दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी गेलेच नाही. ते डॉक्टर निवृत्त झाले, चिठ्ठी जुनी झाली, दुकानदार ओळखीचा. बघता बघता दहा वर्षं गेली.

2022 च्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीकडे कोकणात गेले होते. मुक्काम वाढला, गोळ्या संपल्या. म्हटलं, इतकी वर्षं झाली, आता कशाला हवीत? पाचव्या दिवशी मागं वळून बघितलं आणि डोक्यात वीज चमकल्यासारखं झालं. दुखलं नाही, पण डोकं आधी वळलं आणि जग मागून येऊन पोचलं असं काहीतरी. मग ते दिवसातून वीस-वीस वेळा व्हायला लागलं. जमीन नावेसारखी हलायची. स्वप्नं अशी पडायची की सकाळी ती खरी का ही सकाळ खरी, असा प्रश्न पडावा. दूध उतू गेलं म्हणून हुंदके देऊन रडले आणि बहिणीनं गॅस बंद केला म्हणून तिच्यावरच ओरडले. तिनं बिचारीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, तुझं परत सुरू झालं गं."

हे वाक्य मला त्या विजेपेक्षा जास्त लागलं. तुझं परत सुरू झालं. म्हणजे मी मुळातच अशी. गोळी होती म्हणून झाकलेली होते.

घाट चढून एस्टीनं साताऱ्याला परतले आणि गोळी सुरू केली. दोन दिवसांत वीज थांबली. चौथ्या दिवशी मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. आणि तिथंच माझ्यातली शिक्षिका जागी झाली. 2012 साली याच गोळीला गुण यायला सहा आठवडे लागले होते. या वेळी दोन दिवस? आजार तोच असेल तर औषधाला वेळही तेवढाच लागायला हवा. शिवाय ती वीज, ते हलणं 2012 साली मुळीच नव्हतं. म्हणजे हा जुना आजार नव्हता. हे वेगळंच काहीतरी होतं.

त्याला काय म्हणायचं, यावर जगात साठ-पासष्ट वर्षं वाद चालू आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

या गोळ्यांच्या इतिहासाची सुरुवात युरोप-अमेरिकेत झाली असं पुस्तकात असतं, पण तिला एक पाय आपल्याकडचाही आहे. सर्पगंधा आपल्या वैद्यांना पूर्वापार माहीत. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते असं लिहिलं. 1949 साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचे अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचे डोळे उघडले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते रक्तदाबावर धडाक्यात वापरायला लागल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही माणसं त्यावर खचून जातात, उदास होतात. 1955 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की रेसर्पिनमुळं शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. झालं! साठा रिता झाला की उदासी, तर साठा वाढवला की उत्साह, असं गणित पुढच्या काळात मांडलं गेलं. ते इतकं सोपं नव्हतं हे आता सगळेच मान्य करतात, पण मेंदूत 'रसायन कमी पडतं' हे आपण जे सहज बोलून जातो त्याचं एक मूळ असं सर्पगंधेच्या मुळीत आहे. डॉ. वकिलांना 1957 चं अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं. आमच्या पाठ्यपुस्तकात मात्र त्यांचं नाव कधी आलं नाही. असो.

प्रत्यक्ष गोळी मिळाली ती दोन वाटांनी, आणि दोन्ही वेळा योगायोगानं. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू इस्पितळात 1952 साली क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड दिलं तेव्हा मरणाच्या दारातली माणसं टवटवीत झाली. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांचे फोटो छापून आले. 1957 मध्ये नेथन क्लाइन यांनी ते उदासीवर वापरून दाखवलं. (या क्लाइननीच आधी आपलं रेसर्पिनही अमेरिकेतल्या मनोरुग्णालयात आणलं होतं.) दुसरी वाट स्वित्झर्लंडमधली. बोडेन सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगनच्या मनोरुग्णालयात रोलंड कून या डॉक्टरांनी गायगी कंपनीचं एक औषध 1956 मध्ये उदास रुग्णांना दिलं. तेच इमिप्रामिन. सप्टेंबर 1957 मध्ये झुरिकच्या जागतिक परिषदेत त्यांनी हे सांगितलं तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते म्हणतात. आमच्या शाळेतल्या व्याख्यानमालेची आठवण झाली.

कूनच्या नावाला आता डाग आहे. त्यांनी अनेक वर्षं रुग्णांना नीट न सांगता, न विचारता त्यांच्यावर औषधांच्या चाचण्या केल्या असं इतिहासकारांनी 2019 मध्ये दप्तरं उघडून दाखवलं. ते वाचताना मला राहून राहून वाटत होतं, त्या दप्तरांत गोळी थांबवल्यानंतरच्या दिवसांबद्दल कुणी काय लिहिलं असेल?

कारण गोळी थांबवल्यावर काय होतं हे जगाला फार लवकर कळलं होतं. इमिप्रामिन 1958 मध्ये बाजारात आलं. 1959 मध्येच कॅनडातल्या डॉक्टरांनी लिहिलं की ते बंद केल्यावर काही रुग्णांना त्रास होतो. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रेमर, क्लाइन आणि फिंक यांनी (हे डोनाल्ड क्लाइन, मघाचे नव्हेत) यावर स्वतंत्र लेखच लिहिला आणि शीर्षकातच 'विड्रॉअल' हा शब्द वापरला. मळमळ, चक्कर, थंडी वाजणं, झोप उडणं. म्हणजे माझ्या लग्नाच्याही आधी ही गोष्ट छापील होती! मग ती विसरली कशी गेली?

इतिहासात गोष्टी विसरल्या जातात तेव्हा बहुधा कुणाला तरी त्या नको असतात. पण इथं नुसता दुष्टपणा नव्हता, हेही सांगायला हवं. 1960 च्या दशकात व्हॅलियमसारख्या झोपेच्या, शांतवणाऱ्या गोळ्या घरोघरी पोचल्या आणि पुढं त्या सुटता सुटेनात. 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला. त्यामुळं लोक कुठल्याच मनाच्या गोळीला हात लावेनात. डॉक्टरांपुढं खरंच प्रश्न होता, कारण उपचाराविना माणसं जीव देत होती. 1992 मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या आणि कुटुंबवैद्यांच्या संस्थांनी मिळून उदासीविरुद्ध पाच वर्षांची मोहीम काढली. मोहिमेआधी सुमारे दोन हजार लोकांची पाहणी केली, तर त्यातल्या 78 टक्के लोकांना वाटत होतं की या गोळ्यांची सवय लागते. मोहिमेच्या म्होरक्यांनी याची गणना अज्ञानात केली. रुग्णाला पहिल्याच भेटीत ठामपणे सांगा की पुढं गोळी बंद करायला काही अडचण येणार नाही, असा त्यांचा सल्ला होता.

या 78 टक्क्यांचा मी फार विचार केला. माझी आई असती तर तिनंही तेच म्हटलं असतं. तिच्या लहानपणी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देऊन कामावर जात, पोर दिवसभर झोपायचं. रोज घेतलेली वस्तू एक दिवस न मिळाली तर शरीर काय करतं, हे त्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. अर्थात अफू आणि ही गोळी एक नव्हे. मला कधी दोन गोळ्या घ्याव्याशा वाटल्या नाहीत, गोळीसाठी जीव कासावीस झाला नाही. ते व्यसन, त्याला चटक हवी. हे वेगळं. यासाठी आपल्या भाषेत नेमका शब्द आहे आणि तो डॉक्टरांच्या पुस्तकात कुणी घातला नाही याचं मला नवल वाटतं: अंगवळणी पडणं. गोळी माझ्या अंगवळणी पडली होती. दहा वर्षं वळण पडलेलं अंग एका दिवसात सरळ कसं होणार?

ब्रिटनमधले तज्ज्ञ मात्र व्यसन आणि अंगवळण यांत गल्लत करून बसले. 'व्यसन लागत नाही' हे खरं होतं. त्यालाच जोडून 'म्हणजे सोडायला त्रास नाही' हेही खरं धरलं गेलं.

आता शब्दांची गंमत बघा. 1990 च्या दशकात प्रोझॅकच्या पिढीतल्या नव्या गोळ्या आल्या. त्यातल्या पॅरोक्सेटिनबद्दल तर ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनं 1993 मध्येच आपल्या पत्रकात इशारा दिला होता. डिसेंबर 1996 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्सला प्रोझॅकवाल्या एली लिली कंपनीच्या पैशानं तज्ज्ञांची बैठक भरली. 1997 मध्ये तिचे निबंध छापून आले आणि त्यातून एक शब्द रूढ झाला: 'डिसकंटिन्युएशन सिंड्रोम'. मराठीत खंड-लक्षणसमूह म्हणू या. 'विड्रॉअल' म्हटलं की अफू, दारू, गर्दुल्ले आठवतात. 'डिसकंटिन्युएशन' म्हटलं की मासिकाची वर्गणी बंद केल्यासारखं वाटतं. आम्ही इतिहासवाल्यांना हे नवं नाही. 1857 ला 'शिपायांचं बंड' म्हणा किंवा 'स्वातंत्र्ययुद्ध' म्हणा, घटना तीच, पण एका शब्दात शिपाई दोषी आणि दुसऱ्यात कंपनी सरकार. वर्गात मी हे किती वर्षं शिकवलं! आणि माझ्या स्वतःच्या डोक्यात वीज चमकली तेव्हा माझ्याकडे दोन्ही शब्द नव्हते. बहिणीचा तिसराच होता: 'तुझं परत सुरू झालं'.

पण त्याच बैठकीवाल्या कंपनीनं एक उपकारही केला. आपण शिवकालाचा इतिहास लिहिताना सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रं, पोर्तुगीजांची दप्तरं का धुंडाळतो? प्रेमापोटी लिहिलेल्या बखरीपेक्षा परक्याच्या, स्पर्धकाच्या पत्रात कित्येकदा नेमकी नोंद सापडते. इथं तसंच झालं. प्रोझॅक शरीरात फार दिवस रेंगाळतं, त्यामुळं ते बंद केलं तरी आपोआप हळूहळू उतरतं. बाकीच्या कंपन्यांच्या गोळ्या दिवसा-दोन दिवसांत ओसरतात. म्हणजे सोडण्याच्या त्रासाची चर्चा झाली तर तोटा प्रतिस्पर्ध्यांचा. लिलीच्या पैशानं 1998 मध्ये 242 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बऱ्या असलेल्या रुग्णांची गोळी पाच ते आठ दिवस बदलून, त्यांना कळू न देता, नुसती खोटी गोळी दिली. त्रास झाला तो प्रोझॅकवाल्यांपैकी 14 टक्क्यांना, सर्ट्रालिनवाल्यांपैकी 60 टक्क्यांना आणि पॅरोक्सेटिनवाल्यांपैकी 66 टक्क्यांना. पाच-आठ दिवसांत! आपली गोळी बदलली आहे हे ठाऊक नसताना! म्हणजे 'मनाचे खेळ' हा आरोप तिथंच बाद झाला. व्यापारी भांडणातून का होईना, सत्य दप्तरी लागलं.

दप्तरी लागलं आणि तिथंच पडून राहिलं, असं म्हणावं लागेल. ऑक्टोबर 2002 मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमानं पॅरोक्सेटिनवर एक भाग दाखवला. त्यानंतर प्रेक्षकांनी पाठवलेले 1,374 ईमेल चार्ल्स मेडावर आणि सहकाऱ्यांनी बसून वाचले, वर्गवारी केली. डोक्यात विजेचे झटके बसतात, हे रुग्ण आपापल्या शब्दांत पुन्हा पुन्हा लिहीत होते. डॉक्टर मंडळी मात्र आपल्या अहवालांत तेच 'चक्कर' वगैरे साच्यात बसवून टाकत होती. (मुलानं पेपरात स्वतःच्या भाषेत बरोबर उत्तर लिहावं आणि आम्ही पुस्तकातलं वाक्य नाही म्हणून अर्धा गुण कापावा. मीही कापलेत, कबूल करते.) 2003 मध्ये पॅरोक्सेटिनच्या ब्रिटनमधल्या माहितीपत्रकातून 'याचं व्यसन लागत नाही' या अर्थाचं वाक्य काढलं गेलं. तरीही 2004 मध्ये नाइस या तिथल्या सरकारी संस्थेनं डॉक्टरांसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यात लिहिलं की हा त्रास सहसा सौम्य असतो आणि साधारण आठवडाभरात आपोआप जातो. ते वाक्य 2019 च्या ऑक्टोबरपर्यंत थोड्याफार फरकानं टिकलं. पंधरा वर्षं! या पंधरा वर्षांत आठवड्यापेक्षा जास्त दिवस त्रास झालेल्या माणसाला काय सांगितलं गेलं असेल? तेच, जे माझ्या बहिणीनं मला सांगितलं. परत सुरू झालं. गोळी चालू ठेवा.

2018-19 मध्ये बांध फुटला. फेब्रुवारी 2018 मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या अध्यक्षांनी 'टाइम्स'मधल्या पत्रात म्हटलं की बहुसंख्य लोकांचा त्रास दोन आठवड्यांत जातो. त्यावर रुग्ण आणि काही अभ्यासक उठले. जेम्स डेव्हिस आणि जॉन रीड यांनी जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं की सरासरी 56 टक्के लोकांना त्रास होतो आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना तीव्र. मे 2019 मध्ये कॉलेजनं आपली भूमिका बदलली आणि काहींना हा त्रास तीव्र आणि लांबणारा असू शकतो हे मान्य केलं. एवढ्या जुन्या संस्थेनं चूक दुरुस्त केली याचं मला कौतुकच वाटलं.

मात्र 56 हा आकडाही शेवटचा नव्हे. 2024 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी 79 अभ्यास आणि 21 हजार रुग्ण यांचा हिशोब मांडला. खरी गोळी थांबवलेल्यांपैकी 31 टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, आणि मौज अशी की खोटी गोळी थांबवलेल्यांपैकीही 17 टक्क्यांना झाला. तीव्र त्रास सुमारे 35 जणांत एकाला. यावर टीका अशी की यातले बरेच अभ्यास काही महिनेच गोळी घेतलेल्या लोकांचे आहेत, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचे नाहीत. मला ही टीका पटते, पण मी दहा वर्षंवाली आहे, तेव्हा माझं पटणं पक्षपाती समजावं.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी पडला तो मार्क हॉरोविट्झ नावाच्या ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञाचा लेख. यांनी लंडनमध्ये याच गोळ्यांवर पीएच.डी. केली. स्वतः गोळी सोडायला गेले तेव्हा हाल झाले आणि आपल्या विद्येत याचं उत्तर नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. उत्तर त्यांना मिळालं ते इतर रुग्णांकडून. 2019 मध्ये डेव्हिड टेलर यांच्याबरोबर त्यांनी लॅन्सेट सायकायट्रीमध्ये जे लिहिलं ते मी माझ्या भाषेत सांगते. माझ्या गोळीची थोरली बहीण सिटालोप्रॅम. तिचे 20 मिलिग्रॅम घेतले तर मेंदूतल्या ज्या जागांवर ती बसते त्यांतल्या सुमारे 80 टक्के भरतात. आता निम्मे, म्हणजे 10 केले तर किती भराव्यात? 40? नाही, 70 च्या आसपास! 60 वर यायला साडेपाचच्या जवळ यावं लागतं आणि 30 वर यायला दीड मिलिग्रॅमवर. म्हणजे वरून निम्मी गोळी कमी केली तरी शरीराला फारसं कळत नाही आणि शेवटचा कण सोडला की धाडकन.

हे वाचलं आणि मला आपला सह्याद्री दिसला. साताऱ्याहून कासला जा. पठारावर कितीही चाला, उतार जाणवत नाही. वाटतं, असंच कोकणात पोचू. आणि मग कडा येतो. निम्मी गोळी कमी करून 'बघा, काही झालं नाही, आता बंदच करू या' म्हणणारा माणूस त्या पठारावरून कड्याकडे चाललेला असतो. माझी तर पठारावरच्या वाटेचीही तयारी नव्हती, मी एकदम उडीच घेतली होती.

मग साताऱ्यातच एका तरुण डॉक्टरीण बाईंकडे गेले. त्यांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, म्हातारी इंटरनेटवर वाचून आली म्हणून हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, घाई नाही ना आपल्याला? मग घाटातल्या एस्टीसारखं उतरू." एक दिवसाआड घेऊ का, असं मी विचारलं, कारण ओळखीच्या दोघी-तिघी तसं करतात. त्यांनी नको सांगितलं. या गोळीचं रक्तातलं प्रमाण एका दिवसात निम्म्यावर येतं, म्हातारपणी थोडा जास्त वेळ लागतो. दिवसाआड म्हणजे रोज वर-खाली हेलकावे. त्यापेक्षा रोज घ्या, पण लहान घ्या.

जानेवारी 2023 ला सुरुवात केली. शाळेतून आणलेलं एक कोरं हजेरीपत्रक घरात होतं, त्यात रकाने आखले: झोप, चक्कर, वीज, रडू, वाचन. रोज दहापैकी गुण. 10 वरून साडेसात, दिवाळीपर्यंत 5. पठारच होतं, गुण चांगले. 2024 च्या उन्हाळ्यात अडीच. तिथं तीन आठवडे वीज चमकली, रडूही आलं, आणि रोज सकाळी तोच प्रश्न: हे अंगवळण बोलतंय की आजार? उत्तरासाठी मी वाचनाचा रकाना बघायची. डोकं हलत असतानाही मी वाचत होते. 2012 मध्ये वाचन शून्य होतं. एवढा एक पुरावा धरून ते तीन आठवडे काढले. डॉक्टरीण बाई दर पंधरा दिवसांनी ते हजेरीपत्रक बघायच्या, आणि एकदा तर त्यांनी खाली सही करून 'तपासले' असं लिहिलं.

माझ्याबरोबर माझी एक जुनी सहकारी मैत्रीणही उतरत होती. तिची गोळी वेगळी, डॉक्टर वेगळे, पण आम्ही दर रविवारी फोनवर गुण सांगायचो. तिला वीजबीज काही झालं नाही. तिची गोळी सुखरूप बंद झाली. आणि चार महिन्यांनी तिनं रविवारचा फोन उचलला नाही. पुढच्याही रविवारी नाही. मी घरी गेले तेव्हा ती दुपारी दोन वाजता अंधाऱ्या खोलीत पलंगावर बसून होती आणि शेजारी चहावर साय धरली होती. हे मात्र खरंच परत आलेलं होतं. 2021 मध्ये इंग्लंडमध्ये 478 रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, अँटलर नावाचा. बरी होऊन वर्षानुवर्षं गोळी घेणारी माणसं. वर्षभरात पुन्हा आजारी पडली ती सोडणाऱ्यांतली 56 टक्के आणि चालू ठेवणाऱ्यांतली 39 टक्के. मी हे आकडे तिला नव्हे, तिच्या सुनेला सांगितले. सून म्हणाली, "काकू, म्हणजे चालू ठेवूनही होतं आणि सोडूनही होत नाही?" मी म्हटलं, हो. दोन्ही. मैत्रीण आता पुन्हा पूर्ण गोळीवर आहे आणि बागेत गुलाब लावते. ती हरली असं मी कुणाला म्हणू देत नाही. तिच्यापुढं मी ही डबी काढत नाही, एवढंच.

दिवाळी 2024 पासून मी सव्वा मिलिग्रॅमवर आहे. पाचाच्या गोळीचा चतकोर. हॉरोविट्झच्या हिशोबानं अजून माझ्या मेंदूतल्या चाळीसएक टक्के जागा या एवढ्याशा तुकड्यानं भरलेल्या असणार. कड्याचा सगळा उतार पुढंच आहे. एवढ्या लहान गोळीचे आणखी तुकडे माझ्या डबीनं होत नाहीत, नुसता भुगा पडतो. नेदरलँड्समध्ये म्हणे अशा उतरत्या मात्रेच्या गोळ्यांच्या पट्ट्याच तयार करून मिळतात, एकेका दिवसाचं पाकीट वेगळं. हे मी डॉक्टरीण बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आपल्याला दुसरं काय करता येईल ते औषध बनवणाऱ्यांना विचारून सांगते, तोवर चतकोरावरच थांबा.

बहीण गेल्या महिन्यात राहायला आली होती. सकाळी मी कट्ट केलं तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती. तो कण बोटावर घेऊन तिनं चष्मा वर करून बघितला आणि म्हणाली, "एवढ्याशानं काय होतंय गं ताई?" मी तिला खुर्चीवर बसवलं, पोळपाट उपडा ठेवला, त्याच्या कडेला चतकोर ठेवला आणि कासचं पठार समजावून सांगायला लागले.